तीन ते पाचच्या मधलं पाणी

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. नवऱ्याची बँकेतून कलकत्त्याला बदली झाली आणि आम्ही तिथल्या बेहाला भागात राहायला आलो. काही महिन्यांनी मला एका सरकारी कार्यालयात नोकरी मिळाली. पूर्वी गंगेच्या घाटांवर माणसं बसून दर अर्ध्या तासाला पाण्याची उंची वहीत लिहीत. त्या जुन्या वह्यांतल्या नोंदी आम्ही भोकं पाडून कार्डांवर उतरवत होतो. एका नोंदीचं एक कार्ड, त्यावर तारीख, वेळ आणि पाण्याची उंची. पुढे त्यावरून भरती-ओहोटीची कोष्टकं तयार व्हायची होती.

खोलीच्या खिडक्या नदीकडे होत्या. लांबून स्टीमरचा भोंगा यायचा, यंत्रातून कार्डं सळसळत जायची. दिवसभर आकड्यांतलं पाणी चढता-उतरताना पाहून आपणही हलकेच तरंगतोय असं मला वाटायचं. घरी तांदूळ धुतानाही ते तरंगणं जायचं नाही.

एका दुपारी शिपायानं एका वृद्ध गृहस्थांना माझ्या टेबलापाशी आणून बसवलं. स्वच्छ धोतर, मांडीवर छत्री. एका घाटावर ते अनेक वर्षं नोंदी घेत होते, आता निवृत्त झाले होते. माझी बंगाली तोडकीमोडकी, म्हणून ते हिंदी मिसळून सावकाश बोलत होते. लेकीच्या वयाच्या बाईला तिकडे 'मा' म्हणतात, तसंच त्यांनी मलाही म्हटलं.

"मा, आमच्या वह्या तुम्ही यंत्रात घालताय असं ऐकलं."

"हो, काकाबाबू. तुमच्या घाटाच्याही झाल्या."

त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. तिच्यावर एक तारीख होती. "या दिवशीचं दुपारी तीन ते पाचच्या मधलं काढून टाका. ते खोटं आहे."

मी चिठ्ठीवरची तारीख उतरवून घेतली. ते पुढे म्हणाले, "नवीन लग्न झालं होतं. मी रोज कुठे बसतो ते बघायला बायको पहिल्यांदाच घाटावर आली होती. तीनची नोंद लिहिली आणि तिला नावेत बसवून घेऊन गेलो. अर्ध्या तासात परत येऊ म्हटलं होतं. पाचला आलो. मधलं अंदाजानं लिहिलं."

"इतक्या वर्षांनी आज का आलात?"

"कोष्टकावर जहाजं चालणार. परवा तिला हे बोललो, तर म्हणाली, जाऊन सांगून या."

मी त्यांना साहेबांकडे नेलं. साहेब मितभाषी. त्यांनी सगळं ऐकलं आणि मला म्हणाले, "कार्डं काढा, बघू."

त्या महिन्याचा गठ्ठा घेऊन मी यंत्रापाशी बसले, ते दोघं शेजारी उभे राहिले. यंत्र एका वेळी कार्डावरचं एकच घर वाचतं आणि त्या आकड्याप्रमाणे कार्ड वेगवेगळ्या खणांत टाकतं. दिवसाची दोन घरं, मग तासाची दोन. गठ्ठा पातळ होत गेला आणि शेवटी पंधरा आणि सोळा तासांची चार कार्डं हातात उरली: तीन, साडेतीन, चार, साडेचार.

"तीनचं कार्डही यात आलंय," मी म्हणाले.

"ते खरं आहे. लिहूनच निघालो होतो."

"आणि पाचचं?"

"तेही खरं. ओल्या पायांनीच वाचलं."

तीनचं कार्ड मी गठ्ठ्यात परत ठेवलं. पाचचं यंत्रानं आधीच बाजूला टाकलं होतं. उरलेल्या तिन्हींचे आकडे साहेबांनी आलेखाच्या कागदावर मांडून पाहिले. ठिपके आजूबाजूच्या रेषेत अगदी नीट बसत होते.

"तुमचा अंदाज चांगला आहे," साहेब म्हणाले. "राहिलं तरी बिघडणार नाही."

"पण मी पाहिलं नव्हतं," म्हातारबाबा शांतपणे म्हणाले.

साहेबांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि नोंदवहीत लिहिलं, 'तीन नोंदी रद्द. निरीक्षक जागेवर नव्हते.' तिथे म्हातारबाबांनी सही केली. रद्द कार्डं रद्दीतच जायची, म्हणून साहेबांनी ती त्यांना देऊन टाकली. त्यांनी एक कार्ड खिडकीशी धरलं. भोकांतून उजेडाचे ठिपके त्यांच्या गालावर पडले. बसल्या जागी मलाही नावेत असल्यासारखं वाटलं. मग तिन्ही कार्डं चिठ्ठीबरोबर खिशात ठेवून ते निघाले.

संध्याकाळी चहा घेताना मी हे सगळं नवऱ्याला सांगितलं. त्यानं विचारलं, "मग नाव घेऊन गेले कुठे होते ते?"

ते मी विचारलंच नव्हतं. आम्ही दोघं बराच वेळ त्यावर बोलत बसलो. तो म्हणाला, पलीकडच्या काठाला. मला मात्र वाटत होतं, कुठेच नाही, मधोमध वल्हं वर घेऊन बसले असतील.