पत्रकातला चिंपांझी

बाबा गेले, त्याच्या पुढच्या सोमवारी मी कामावर गेले. नागपूरला जाता येत नव्हतं. व्हिसा वाढवण्याचा अर्ज चालू होता आणि तो चालू असताना देश सोडला तर अर्ज रद्द होतो, असं नियमात स्वच्छ लिहिलेलं आहे. एरवी या नियमावर मी चार पानं लिहिली असती. त्या आठवड्यात एक ओळ सुचली नाही. चुलतभावाने धरलेल्या फोनवर अंत्यविधी पाहिला आणि मग भांडी घासली.

काम एडिनबरातल्या विद्यापीठात होतं. आफ्रिकेतल्या एका कोरड्या रानात झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांच्या एकेका मिनिटाच्या क्लिपा बघायच्या आणि तिथले चिंपांझी पाणी कुठून, कसं पितात ते तक्त्यात भरायचं. झाडाच्या ढोलीत साचलेल्या पाण्यापर्यंत तोंड पोचलं नाही, की ते पानं चावून त्यांचा बोळा करतात, तो ढोलीत बुडवतात आणि चोखतात. ओढा आटला की वाळूत हाताने खड्डा खणतात आणि पाणी झिरपेपर्यंत नुसते बसून राहतात. कधी शेजारी डबकं असलं तरी खणतात. वाळूतून गाळून आलेलं त्यांना बरं वाटत असावं. पण 'बरं वाटतं' असं तक्त्यात लिहायचं नाही. माझ्या वरिष्ठ बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की भावना नकोत, 'हिसकावलं' वगैरे तर अजिबात नको. कोण आलं आणि कोण उठलं, एवढंच. मी तेव्हा त्यांच्याशी तासभर भांडले होते. आता ते सोयीचं वाटत होतं.

मी पत्रकांवर वाढले. आमच्या पलंगाखाली ट्रंका नव्हत्या, गठ्ठे होते. बाबा दिवसा वीज मंडळात नोकरी करायचे आणि संध्याकाळी पत्रकं लिहायचे. प्रूफ तपासायची आमच्या घरची रीत अशी, की एकाने छापील कागद मोठ्याने वाचायचा, स्वल्पविराम आणि पूर्णविरामासकट, आणि दुसऱ्याने हस्तलिखितावर बोट ठेवून ऐकायचं. आठव्या वर्षापासून ते बोट माझं होतं. एखाद्या वाक्याला आधार सापडला नाही, तर बाबा ते कितीही जोरदार असलं तरी खोडायचे. टाळ्यांसाठी खोटं बोलायला सभेतली माणसं पुरेशी आहेत, असं म्हणायचे.

महाडच्या तळ्याच्या सत्याग्रहाच्या दिवशी, दर मार्चमध्ये, त्यांचं एक पत्रक निघायचं. त्यात जुनी गोष्ट असायचीच: त्या तळ्यावर कुत्र्यामांजरांना पाणी चालत होतं, आम्हाला नव्हतं. डिसेंबरात फोनवर ते मला चिडवत होते, की आम्ही तुला माणसांच्या हक्कासाठी शिकवलं आणि तू माकडं मोजत बसलीस.

"माकडं नाहीत हो बाबा, चिंपांझी."

"बरं, चिंपांझीसाहेब. ते तरी पाणी पिऊ देतात का एकमेकांना?"

तोवर मी पहिल्या तीसेक क्लिपा पाहिल्या होत्या. त्यांत एका मादीने खणलेल्या खड्ड्यातून तीन-चार जण एकामागून एक प्याले होते. मी सांगितलं, की इथे कुणी कुणाला अडवत नाही, एक खणतो आणि सगळे पितात. बाबा म्हणाले, "लिहून घेतो."

फेब्रुवारीत त्यांचं हृदय बंद पडलं, तेव्हा मार्चचं पत्रक हाताने लिहून तयार होतं. त्यांचं शेवटचं पत्रक म्हणून तेच वाटायचं, असं विहारातल्या लोकांनी ठरवलं. आईने मला हस्तलिखिताचा फोटो पाठवला. तिसरा परिच्छेद चिंपांझींचा होता.

त्याच आठवड्यात मी एक क्लिप पाहिली. एक तरुण मादी ओढ्याच्या पात्रात कोपरापर्यंत हात घालून खणते आहे. पाठीला पिल्लू. खणून झाल्यावर गाळ खाली बसायची वाट बघते. ती वाकते, तेवढ्यात उजवीकडून एक मोठा नर येतो. मारत नाही, दात दाखवत नाही. नुसता येतो. ती उठून बाजूला होते आणि तो पितो. मिनिट संपतं. मी 'कोण आलं' खाली एक खूण केली आणि 'कोण उठलं' खाली एक. पुढच्या दोन दिवसांत अशा नऊ खुणा झाल्या. मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं कळत होतं.

पत्रक छापायला जायच्या आदल्या दिवशी, माझ्या जेवणाच्या सुट्टीत, आईने प्रूफ वाचायला फोन केला. तिकडे संध्याकाळ होती. मी विद्यापीठाच्या जिन्यात बसले होते, लॅपटॉपवर बाबांचं अक्षर उघडं होतं. आई सावकाश वाचत होती, विरामचिन्हांसकट. तिसरा परिच्छेद आला.

"जंगलातला चिंपांझीसुद्धा पाणी अडवत नाही पूर्णविराम."

"आई, थांब. हे खरं नाही."

तिला आधी वाटलं, छपाईची चूक आहे. मी क्लिपांचं सांगितलं. ती म्हणाली, असू दे, हे तुझ्या बाबांचं शेवटचं लिहिणं आहे, यातलं अक्षर हलवायचं नाही.

"हे त्यांचं नाही, आई. माझं आहे. मी अर्धवट बघून सांगितलं होतं."

"काहून सांगितलं मग?"

"त्यांना आवडेल म्हणून."

"आवडलं होतं ना," आई म्हणाली. "दोन दिवस वस्तीभर सांगत फिरले. पोरगी म्हणते, पोरगी म्हणते."

जिन्यातून दोन विद्यार्थी उतरले, त्यांना वाट द्यायला मी भिंतीकडे सरकले. मला वाटलं, आई रडते आहे. पण पेन शोधत असल्याचा आवाज आला.

"त्या माकडांनी अडवलं काय अन् नाही अडवलं काय," ती म्हणाली. "आपण पाणी प्यालो ते त्यांची साक्ष काढून प्यालो का? आपण माणसं होतो म्हणून प्यालो. सारा परिच्छेदच खोडते मी."

मी हो म्हटलं. मग तिने विचारलं, की त्या लेकुरवाळीला मिळालं का पाणी शेवटी. मी सांगितलं, क्लिप तिथंच संपते, पुढचं दिसत नाही.

"असं कसं बघता बाई तुम्ही लोक," म्हणाली आणि चौथा परिच्छेद वाचायला लागली. मी बोट ओळीवर ठेवलं.

मार्चमध्ये आईने छापील पत्रकाचा फोटो पाठवला. तिसऱ्या परिच्छेदाच्या जागी चार ओळींची मोकळी जागा राहिली होती. खालचा मजकूर वर सरकवायचं छापणाऱ्याच्या लक्षात आलं नाही, की आईनेच नको म्हटलं, हे मी विचारलं नाही.