गोलीच्या घरची बातमी

तेहतीस वर्षं खाकी अंगावर होती. खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतनं प्रेतं काढली. त्यातलं बरंच आता विसरलो. पण जिच्यात रक्ताचा थेंब सांडला नाही ती टेलिफोनची केस अजून डोक्यातनं जात नाही. नावं सांगणार नाही. त्यातली काही माणसं अजून त्याच पेठेत आहेत आणि मीही तिथंच राहतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी हवालदार होतो आणि फिरून फिरून आमच्याच पेठेच्या ठाण्यात बदलून आलो होतो. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. पेठेची टीम हरली की त्या रात्री घरात शिजलेलं मटण तसंच राहतं. आणि त्या सुमाराला मॅचवर पैसे लावायची कीड आमच्याकडं नवीन शिरली होती.

एका सोमवारी दुपारी आमच्या टीमचा गोलकीपर आईला घेऊन ठाण्यात आला. आमच्याकडं त्याला गोली म्हणतात. पोरगा सव्वीस-सत्तावीसचा, उद्यमनगरात लेथवर कामाला. पंजा एवढा मोठा की चहाचा कप हातात घेतला तर दिसायचा नाही. पण त्या दिवशी खुर्चीच्या काठावर बसला. बोलली ती आई.

"हवालदार, पोराला फोन येत्यात. धमक्या देतंय कोणतरी."

"कवापास्नं?"

"मागली सेमीफायनल हरलो न्हवं, तवापास्नं."

त्या मॅचला शेवटच्या मिनिटाला त्याच्या हातातनं बॉल निसटला होता. आता दुसऱ्या स्पर्धेची फायनल येत्या रविवारी होती. फोनवाला म्हणत होता, "फायनलला गोल खाल्लास तर पोरगी शाळेतनं घरला येणार न्हाय."

पोरगी साडेचार वर्षांची, बालवाडीत जाणारी. बायकोला सातवा महिना.

त्यांच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या घरचा नंबर ते पी.पी. म्हणून द्यायचे. शेजारची म्हातारी गॅलरीतनं हाक मारायची, "फोन आलायऽऽ". पूर्वी त्या हाकेला सून हसत जायची. आता हाक आली की घरातली चारही माणसं आहेत तिथं थांबायची. सून भिंतीला हात लावून उभी राहायची, असं आईनं सांगितलं.

"काका," गोली पहिल्यांदा बोलला, "त्याला आमच्या घरातलं सगळं म्हाईत हाय. आईची साखर तपासली, ती किती निघाली ते बी. हिला डॉक्टरनं जिना चढू नगं म्हणून सांगितलंय, ते बी. पोरीच्या रिबिनीचा रंग बी."

मी अदखलपात्र नोंद घेतली, स्टेशन डायरीला टाकलं आणि साहेबांच्या सहीनं टेलिफोन ऑफिसला पत्र दिलं, की या नंबरला येणारे फोन कुठनं येतात ते कळवा. साध्या कपड्यातला एक शिपाई बालवाडीजवळ उभा केला. दुसऱ्याच दिवशी त्या शिपायाला काम उरलं नाही. पोरीला घरच्यांनी गावाला पाठवून दिलं. हे मला जेवताना बायकोनं सांगितलं. ती आणि गोलीची आई एकाच भिशीत होत्या. "पोरीला पावण्यांच्यात धाडली," एवढंच ती म्हणाली.

बुधवारी संध्याकाळी मी नेहमीप्रमाणं दूध कट्ट्यावर गेलो. आमच्याकडं म्हशी कट्ट्यावर आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाईकासमोर ग्लासात धार काढून देतात. ते फेसाळ दूध पीत पेठेचा सगळा कारभार तिथं चालतो. त्या दिवशी आम्ही चौघं होतो. म्हशीवाले आबा, कोपऱ्यावरचा टेलर, आमच्या टीमचा झेंडा नाचवणारा रिक्षावाला, आणि मी.

"हवालदार, गोलीला कोणतरी फोनवर तरास देतंय म्हणं?" टेलरनं विषय काढला.

"तपास चालू हाय."

"पलीकडच्या पेठेतलीच असणार. फायनलला भ्यावं म्हणून."

"पैसं लावत्यात न्हवं आता," आबा म्हशीखालनंच म्हणाले. "आमी नारळ लावायचो. हारला त्यानं नारळ फोडायचा, समद्यांनी खोबरं खायाचं. मिटला इषय."

"आबा, तुमचा नारळ तर नासकाच निघायचा की!"

"नासका निघू दे, कुणाच्या पोराबाळाचं नाव तरी घेत नव्हतो रं."

"हसण्यावारी न्हेऊ नगासा," रिक्षावाला म्हणाला. "माझ्या रिक्षातनं मैदानावर जातंय पोरगं, धा वरसं झाली. मी कवा भाडं घेतलं न्हाई. परवा बसलं, तोंडातनं शब्द न्हाई." त्यानं ग्लास खाली ठेवला. "सुनंला कितवा, सातवाच न्हवं? ह्या टायमाला घोर बरा न्हवं."

"आणि पोरगी दोन दिस दिसंना ती?" टेलर म्हणाला.

"दिसंल कशी?" मी म्हणालो. "जयसिंगपूरला धाडलीय, मावशीकडं."

मला कुणी पत्ता विचारला नव्हता. पण पोलिसाला सगळं ठाऊक असतं हे दाखवायची एक खाज असते, ती मला होती. बायको फक्त 'पावणे' म्हणाली होती. दर सुट्टीला पोरगी जयसिंगपूरला मावशीकडं जाते हे पूर्वी कधीतरी तिच्याच बोलण्यात आलं होतं, म्हणून पुढचं मीच जोडलं.

गुरुवारी माझ्या एका खबऱ्यानं टीप दिली. फुटबॉलवर पैसे घेणारा एक बुकी गोलीच्या नावानं शिव्या देत होता म्हणे. तासाभरात त्याला उचलून आणला. पान खाऊन लाल झालेलं तोंड, अंगात सफारी. मी टेबलावर काठी आपटली. तो हलला नाही.

"हवालदार, मारायचं असंल तर मारा. पर डोस्कं बी चालवा की. तुमच्या पेठेतली माणसं पैसं कुणावर लावत्यात?"

"आपल्याच टीमवर."

"मग गोलीनं गोल खाल्ला की फायदा कुणाचा? माझा! मी त्याला शिव्या देतोय त्यो मागच्या साली सा मॅचा गोल खाल्ला न्हाई म्हणून. मी कशाला म्हणू गोल खाऊ नगंस? गोल गेल्यावर रडतंय कोण त्ये बघा. तुमच्याच कट्ट्यावर बसतंय त्ये."

मी त्याच्या कानाखाली ठेवून दिली. आमच्या कट्ट्याला नाव ठेवलं म्हणून. त्याचं म्हणणं खरं आहे हे हात उचलतानाच मला कळलं होतं, आणि म्हणूनच हात जोरात बसला. आज ते कबूल करायला मला लाज वाटते, पण झालं ते असं झालं.

शुक्रवारी टेलिफोन ऑफिसचं उत्तर आलं. फोन तीन ठिकाणच्या कॉइन बॉक्सवरनं होत होते. एक एस.टी. स्टँडजवळचा, एक मोठ्या दवाखान्यासमोरचा, एक मार्केट यार्डाच्या फाटकाजवळचा. त्यावरनं काही अर्थ लागेना. फायनलला दोन दिवस राहिले होते. मी संध्याकाळी शेजारच्या म्हातारीच्या घरी फोनजवळ जाऊन बसलो. गोलीही कामावरनं तसाच आला. हाताला ऑइल होतं. म्हातारीनं चहा केला तो तसाच गार झाला.

साडेसहाला बेल वाजली. गोलीनं रिसीव्हर कानापासनं जरा लांब धरला. मीही कान लावला. तोंडावर फडकं धरून बोलल्यासारखा आवाज होता.

"पोरीला जयसिंगपूरला लपीवलीस व्हय रं? मावशीचं घर हुडकायला मला किती येळ लागतोय?"

फोन बंद झाला. मी पोराच्या खांद्यावर हात ठेवला. तो माझ्याकडं बघत होता वेगळ्याच नजरेनं.

"काका, ह्येला जयसिंगपूर कुणी सांगितलं? पोरगी चंदगडला हाय. आईच्या भावाकडं."

मी रिसीव्हर त्याच्या हातातनं घेऊन जागेवर ठेवला. जयसिंगपूर ही बातमी खोटी होती. ती सगळ्या कोल्हापुरात फक्त एका माणसानं तयार केली होती आणि तीन माणसांनी ऐकली होती.

आबांना मी तिथल्या तिथं वगळलं. साडेसहाला ते म्हशीखाली असतात, भोवती वीस गिऱ्हाईकं. राहिले दोघं. टेलरकडं लग्नसराईची शिलाई तुंबलेली, कट्ट्यावरचा एक ग्लास सोडला तर तो मशीनवरनं जेवायलासुद्धा उठत नव्हता. आणि मग ते तीन कॉइन बॉक्स डोळ्यांपुढं आले. तिन्हींच्या शेजारी रिक्षा स्टॉप होता.

तरी मी दोघांनाही बोलावलं, कारण तपासात आपल्या मनावर भरवसा ठेवायचा नसतो. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण एक गोष्ट मी कुठल्याही पुस्तकाशिवाय शिकलो. ठाण्यात बोलावलं की निर्दोष माणूस विचारतो, काय झालं? टेलर गळ्यात टेप घालून तसाच पळत आला. "काय झालं हवालदार? गोलीच्या घरात काय झालं काय?" त्याला चहा पाजून परत पाठवला.

रिक्षावाला आला, बाकावर बसला, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, "कोण म्हणालं?"

मी त्याला हात लावला नाही. काठी कपाटात ठेवली. त्याच्या घरचं विचारत बसलो. पोरं किती, म्हातारा कसा आहे, बायको बोलते का. बायकोवर आल्यावर तो बाकाची कड नखानं खरवडायला लागला. शेवटी म्हणाला, "तिच्या पाटल्या मोडल्या मी. सेमीफायनलला लावल्या. त्या एका बॉलवर गेल्या."

"मग पोराला भेटून शिव्या द्यायच्या. पोरीचं नाव कशाला?"

"पयल्यांदा नुसता फोन केला, हवालदार. त्याचा आवाज कापला. मला बरं वाटलं. घरात माझंच तोंड खाली, कोणतरी माझ्यापास्नं बी भितंय असं वाटलं." त्यानं डोळे पुसले. "पोरीच्या केसाला बी धक्का लावणार नव्हतो. देवाशपथ."

"त्याच्या घरातलं तुला कोण सांगायचं?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "कोण म्हंजे? आपुनच की समदी. साखरंचं टेलर म्हणाला, जिन्याचं आबा म्हणालं. जयसिंगपूरचं तर तुमीच म्हणालासा."

जबाब लिहिणाऱ्या शिपायाचा पेन थांबला. तो माझ्याकडं बघायला लागला.

"लिही," मी म्हणालो. "तो म्हणाला तसं लिही."

नंतर साहेबांनी मला आत घेऊन विचारलं, "शहाणा आहेस का? स्वतःचं नाव कशाला घालून घेतलंस?" मी म्हणालो, "साहेब, लिहून घेतलेल्या जबाबात मी आजवर एक शब्द बदललेला नाही. आता माझ्यावर आलं म्हणून बदलू?" त्या उत्तराचा मला त्या वेळी फार अभिमान वाटला. पण खरं अवघड काम पुढं होतं.

शनिवारी सकाळी गोलीच्या आईसमोर उभा राहिलो. ती मिरच्या वाळत घालत होती. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तिनं हात थांबवले नाहीत.

"म्हंजे तुमाला खरं ठावं असतं," ती म्हणाली, "तर चंदगड म्हणाला असतासा."

बाजूला पडलेली एक मिरची तिनं उचलून ओळीत ठेवली.

"तुमाला खोटंच ठावं हुतं ती माझ्या नातीची पुण्याई, हवालदार."

आयुष्यात मला वरिष्ठांनी पुष्कळ झापलं. असं कुणी झापलं नाही.

रिक्षावाल्यावर चॅप्टर केस झाली, चांगल्या वागणुकीचा बाँड लिहून घेतला, आणि पुढं तो शहर सोडून गेला. रविवारी फायनल झाली, आमची टीम एक-शून्यनं जिंकली. बंदोबस्तात मी गोलपोस्टच्या मागंच होतो. पोरगं जीव तोडून खेळलं, पण पाठीमागं गर्दीतनं जरा ओरडा झाला की मान वळायची. मॅच संपल्यावर पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. तो खाली उतरला, गर्दीतनं माझ्याकडं आला आणि म्हणाला, "आता पोरीला आणायला जाऊ न्हवं?" त्या मोसमानंतर त्यानं ग्लोव्हज घातले नाहीत. वारणानगरला कामाला लागला आणि घरदार घेऊन तिकडंच गेला. पेठेत लोक म्हणायचे, चांगला गोली वाया गेला. वाया कुणी घालवला ते मात्र कुणी म्हणत नव्हतं.

मला या केसनं काय शिकवलं? खेळाडूचं घर आपल्याला आपलंच वाटायला लागतं. त्याच्या आईचं औषध, बायकोचे महिने, पोरीची शाळा, सगळं आपण मायेनंच बोलतो. पण ज्याच्या पोटात हरलेला पैसा जळत असतो, तोही त्याच कट्ट्यावर, त्याच मायेनं मान डोलवत बसलेला असतो. गुन्हेगाराला हत्यार कोण पुरवतं हे शोधण्यात माझी नोकरी गेली. या केसमधलं हत्यार आम्ही चौघांनी दूध पीत पीत घडवलं होतं.

निवृत्त झाल्यावर एकदा एका लग्नासाठी वारणानगरला गेलतो. तिथं तो भेटला. केस पांढरे व्हायला लागलेले. बळंच हॉटेलात नेऊन चहा पाजला. कारखान्याचं बोलला, दुधाच्या दराचं बोलला, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. निघताना मी विचारलं, "पोरगी मोठी झाली असंल की. काय करती आता?"

"बरी हाय," तो म्हणाला, आणि चहाचे पैसे द्यायला उठला.

आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारून खाल्लं मी. पण तिथं दुसरा प्रश्न विचारला नाही.