तोंड आत पायजे

"तोंड आत पायजे," असं म्हणून अक्का पान उलटं धरायच्या. अगदी शब्दशः उलटं, डोकं खाली आणि पाय वर. मग चष्मा कपाळावर सरकवायचा, डोळे बारीक करायचे आणि हात लांब करून त्या उलट्या पानाकडे बघत राहायचं. आम्ही समोर चहाचे कप धरून गप्प बसायचो. पानात काही चुकलं असलं की अक्कांच्या नाकाचा शेंडा हलायचा. नाही हलला की पान पास.

सोलापुरातल्या आम्हा काही गाणंवेड्या नोकरदारांनी चालवलेलं ते संगीताचं त्रैमासिक. बँकेतून सुटलो की मी त्याचा संपादक व्हायचो, आणि अक्का त्याची पानं लावायच्या, म्हणजे मजकूर आणि फोटो पानात बसवायच्या. सात रस्त्याजवळ एका झेरॉक्सवाल्याच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर त्यांचं दुकान होतं. त्यात एक कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा पंखा, लग्नपत्रिकांचे नमुने आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवरून हसणारे पुढारी. अक्कांचं घराणं विणकरांचं, घरची बोली तेलुगू. आमच्याशी त्या मराठीत बोलायच्या. कॉम्प्युटर अडला की त्याच्याशी मात्र तेलुगूत भांडायच्या, आणि तो ऐकायचासुद्धा.

गाण्याबजावण्याचं मासिक तुम्ही कधी हातात घेतलं असेल तर आठवून बघा. डाव्या पानावर मोठा फोटो, उजव्या पानावर मथळा, लेखाचं पहिलं अक्षर तीन ओळींएवढं थोराड. फोटोतला कलावंत लेखाच्या बाजूला बघत असतो. हे सगळं आपोआप होतं अशी माझी समजूत होती. आमच्याकडे ते अक्कांमुळे व्हायचं.

"माणूस पानाबाहेर बघायलाय म्हणजे त्याचं लक्ष न्हाई," त्या म्हणायच्या. "त्याचंच न्हाई, तर वाचणाऱ्याचं कशाला राहतंय, सर?"

एकदा आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी आपला आवडता फोटो पाठवला. साहेब डावीकडे बघत होते आणि मनोगत नेमकं उजव्या पानावर. अक्का म्हणाल्या, "साहेब चाललेत पानातनं. थांबवायचं, का जाऊ द्यायचं?" तसा कॉम्प्युटरवर फोटो आरशासारखा उलटवता येतो, एका टिचकीचं काम. पण त्याचेही अक्कांचे नियम होते. खिसा असेल तर उलटवायचा नाही, तो उजवीकडे जातो. मनगटी घड्याळ असेल तर नाही. मागे फलकावर अक्षरं असतील तर नाहीच. बाईमाणसाला कधीच उलटवायचं नाही, पदर उजव्या खांद्यावर जातो. "आणि वाद्यवाल्याला तर हातच लावायचा न्हाई," हे त्या स्वतःलाच बजावून सांगायच्या. अध्यक्षांच्या खिशात पेन होतं, त्यामुळे मनोगत डावीकडे ढकललं आणि साहेबांना डाव्याऐवजी उजव्या पानावर बसवून आत बघायला लावलं.

तान घेताना तोंड वासलेल्या एका बुवांचा फोटो बघून त्यांनी मला काळजीने विचारलं होतं, "ह्यांच्या दाढेचं काय झालं मग?" तंबोऱ्याचा वरचा भाग कापला तर त्या हळहळायच्या. वर उचललेल्या हाताला डोक्यावर मोकळी जागा सोडायच्या. दोन पानांमधली घडी कुणाच्या नाकावर येऊ द्यायच्या नाहीत. मी एकदा त्यांना कौतुकाने म्हटलं, "अक्का, तुमच्या पानातली मोकळी जागा म्हणजे गाण्यातला थांबाच हो." त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. "मला गाण्यातलं काय कळत न्हाई. पानातलं कळतंय. तेवढंच बोला."

खरंच, गाण्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. मंडळाच्या प्रत्येक मैफलीची पत्रिका त्याच लावायच्या, पण मैफलीला एकदाही आल्या नाहीत. आणि दुसरी गोष्ट, त्या लेख वाचायच्या नाहीत. एक अक्षर नाही. "वाचलं की पान दिसत न्हाई, सर." माझं बरोबर उलट होतं. मी वेलांटी आणि अनुस्वार शोधत ओळीवरून सरपटत जायचो, फोटोकडे माझं लक्षच नसायचं. त्या वाचत नव्हत्या आणि मी बघत नव्हतो. वर्षानुवर्षं आमचं छान जमलं ते यामुळेच, आणि बुडालोही यामुळेच.

शुक्रवार पेठेत एक तबलजी राहायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. दिवसा चिंचोळीच्या कारखान्यात नोकरी आणि संध्याकाळी तबला, अशी उमर गेलेली. बाहेरगावचा कुणीही गवई सोलापुरात आला की साथीला चाचाच. ते डावखुरे होते. साऱ्या जगाचा तबला उजव्या हाताशी आणि डग्गा डाव्या हाताशी. चाचांचं उलटं. लहानपणी त्यापायी मार खाल्ला, गुरूने समोरून उठवलं, पण ते बधले नाहीत. बैठकीत ते गवयाच्या दुसऱ्या बाजूला बसायचे, आणि पेटीवाल्याला कुरकुरत आपली जागा सोडावी लागायची. त्यांचा सत्कार आणि त्याच मैफलीत अंकाचं प्रकाशन करायचं ठरलं. अंकात त्यांच्यावर लेख मी लिहिला, आणि त्या डाव्या हातावर एक अख्खा परिच्छेद जीव ओतून लिहिला.

फोटो कुणाच्या तरी फोनवरून आला. साधा कुडता, खिसा नाही, घड्याळ नाही, मागे फलक नाही. आणि तबला डाव्या हाताला! अक्कांनी तबलजींची कितीतरी पानं लावलेली. लहान तबला उजव्या हाताला, मोठा डग्गा डाव्या हाताला, हे त्यांना फोटो बघून बघून पाठ झालेलं. हल्ली फोनवरून येणारे फोटो आरशासारखे उलटे येतात, तसाच हा आला असणार, असं त्यांनी धरलं आणि तो सुलटा केला. सुलटा केला तर चाचांचं तोंड बरोबर आत आलं! दोन्ही नियम एकदम जुळले. पान डोकं खाली करून बघितलं तेव्हा नाक जागचं हललं नाही. त्या इतक्या खूश झाल्या की मला म्हणाल्या, "ह्या टायमाला मी येणार बगा कार्यक्रमाला. ह्या पानासाठी." शेजारच्याच पानावर डाव्या हाताचा परिच्छेद होता. मी त्यातला एक अनुस्वार दुरुस्त केला आणि अंक छपाईला गेला.

त्या संध्याकाळी अक्का मोरपंखी इरकल नेसून आल्या. अंक खुर्च्याखुर्च्यांवर ठेवले होते. मी त्यांना शेजारी बसवून घेतलं. पडदा सरकला. मध्ये गवई बसले, पेटीवाला त्याला नको असलेल्या बाजूला बसला आणि चाचांनी डाव्या हाताशी तबला ओढून घेतला.

मी अक्कांकडे बघितलं. नाकाचा शेंडा हलला होता.

"ह्ये असं का बसलेत?"

"डावखुरे आहेत की चाचा. लेखात आहे."

"मी वाचत न्हाई की, सर," त्या म्हणाल्या. इतक्या लहान आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांनी मांडीवरचा अंक उघडला. या वेळी पान सरळच धरलं. मग त्या उठल्या.

पुढचं आठवलं की आजही माझे कान तापतात. गवयाने विलंबित ख्याल मांडलेला, सभागृह शांत, आणि अक्का रांगेतून वाकून चालत लोकांच्या मांडीवरचे अंक उचलतायत. "द्या हिकडं. चुकलंय. द्या." कुणीतरी म्हणालं, "बसा हो मावशी!" कुणी शुक शुक केलं. एक टॉवेलचे व्यापारी अंक सोडेनात, मागच्या पानावर त्यांच्या दुकानाची जाहिरात होती. "जाहिरात बरोबर हाय, आतलं चुकलंय," म्हणत अक्कांनी तो ओढूनच घेतला. इरकलीच्या पदरात अंकांचा ढीग झाला. मला आधी त्यांची लाज वाटली, मग माझी. मी उठलो आणि पलीकडच्या रांगेतून अंक गोळा करायला लागलो. गवयाचे डोळे मिटलेले होते. चाचांचे उघडे होते. ते आम्हा दोघांकडे बघत शांतपणे ठेका धरून होते.

मध्यंतरात अध्यक्ष मागच्या खोलीत आले. "कशाला एवढा तमाशा? कुणाच्या लक्षात येतंय?"

"माझ्या आलंय," अक्का म्हणाल्या.

तेवढ्यात चाचा आत आले. हातात अंकाची गुंडाळी होती. त्यांना अंक मंचावर जायच्या आधीच मिळाला होता. म्हणजे सगळं माहीत असूनच ते वाजवत होते. त्यांनी पान उघडलं. "फोटो अच्छा है," ते म्हणाले. मग त्यावर बोट ठेवून, "पर ये कौन है?"

अक्कांनी हात जोडले. "चुकी माझी हाय, चाचा. मला वाटलं फोटोच उलटा आलाय. मी सुलटा केला."

"सब कू वैसाच लगता, बाई. अब्बा मारे, उस्ताद उठा दिए, सीधा बैठ बोलके. मैं नै बैठा. पूरी उमर नै बैठा." चाचा हसले. ते हसले नसते तर बरं झालं असतं. "तुमे बिठा डाले की."

त्या दिवशी प्रकाशन झालं नाही, नुसती शाल झाली. गठ्ठे अक्कांनी रिक्षात घातले आणि दुकानाच्या कोपऱ्यात नेऊन टाकले. कितीतरी दिवस त्या गठ्ठ्यांकडे पाठ करूनच काम करायच्या.

पुढच्या अंकात तीच दोन पानं पुन्हा छापायची, असं त्यांनी मला सांगितलं, विचारलं नाही. मी म्हटलं, "मग मूळ फोटो उजव्या पानावर घ्या. तोंड आत येईल."

"चूक डाव्या पानावर आणि दुरुस्ती उजव्या? लपवायलोय काय आपण?" असं म्हणून त्यांनी चाचांना होते तिथेच बसवलं. पानाबाहेर बघणारे. मग म्हणाल्या, "खाली माफी लिवा. आणि पान लावणारी म्हणून माझं नाव घाला. पूर्ण."

मी पेन उघडलं आणि थांबलो. आमच्या अंकात सगळ्यांची नावं असायची. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, मी, छापखाना, अगदी मैफलीचा चहा देणाऱ्याचेही आभार. "पूर्ण नाव काय तुमचं, अक्का?" मी खालमानेने विचारलं. त्यांनी हळूहळू सांगितलं, मी चुकू नये म्हणून एकेक अक्षर सुटं करून. पुढच्या अंकापासून पहिल्या पानावर ते घालू का, असं विचारलं तर म्हणाल्या, "नको. चुकीखाली नाव पायजे. कौतुकाखाली नसलं तरी चालतंय." म्हणून इथेही ते लिहीत नाही.

आता अक्का हैदराबादला लेकीकडे असतात. डोळे साथ देत नाहीत. त्यांच्या दुकानाच्या जागी मोबाईलची कव्हरं मिळतात. आमचा अंक तयार साच्यात बसवून येतो, आणि त्यात ज्याला जिकडे वाटेल तिकडे तो बघत असतो. मी कधीतरी जुना अंक काढतो. डाव्या हाताने धरलेल्या पानावर चाचा बाहेर बघत असतात, थेट माझ्या डाव्या अंगठ्याकडे. मीही पान उलटं करून बघतो. मला त्यात काही दिसत नाही.

तो अंक छापून आला तेव्हा मी स्वतः शुक्रवार पेठेत नेऊन दिला होता. चाचांनी पान मांडीवर पसरलं, डावा हात त्यावरून फिरवला आणि म्हणाले, "हौ. अब मैं हूँ." मग खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "ये कौन है?"

"अक्का," मी म्हटलं.

"अच्छा." चाचा ते नाव पुन्हा पुन्हा वाचत राहिले. "इत्ते बरस तुम लोगां के साथ थे ना? मेरे कू नाम मालूमच नै था."

मलाही माहीत नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.