हौसाबाईंचं घर आणि आमची सुई

भूकंपाच्या वेधशाळेत चार वर्षं काढली, की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. धक्क्यांसारखंच. एक सांगायला घेतला की मागून दुसरा येतोच!

मी मूळचा सांगलीचा. आमच्याकडे हळदीचा भाव सोडला तर काही हलत नाही. सत्तरनंतर नोकरी लागली ती थेट पाटणच्या डोंगरात. सदुसष्टचा मोठा भूकंप होऊन गेलेला, पण लहान धक्के चालूच होते. फिरत्या ड्रमवर काजळी धरलेला कागद, त्यावर सुई रेघ ओढणार. तो कागद रोज बदलायचा, हे माझं काम.

पहिल्याच आठवड्यात मी शोध लावला. रोज सकाळी साडेनऊला सुई थरथरते! धापा टाकत साहेबांकडे गेलो. साहेब शांत माणूस. कागद पाहिला, मला खोलीमागं नेलं. तिथं आमच्या कँटीनच्या हौसाबाई उखळात वर्षाच्या मिरच्या कांडत होत्या.

साहेबांनी रजिस्टरात स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘कारण : चटणी.’

धक्का बसला की गाव बाहेर पळायचं आणि आम्ही आत. सुई बघायला! एकदा आई सांगलीहून आली होती. अंगणात तांदूळ निवडत बसली असताना जमीन हलली. मी तिला तिथंच सोडून ड्रमकडे धावलो. दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. निघताना एवढंच म्हणाली, “सुईला सांभाळ हो!”

साहेबांचा एकच नाद होता. एक धक्का दुसऱ्याला जागं करतो, म्हणायचे. मोठ्यामागून पहिल्या दिवशी खूप, मग कमी-कमी. अमुकच दिवशी होईल असं सांगता येत नाही, पण या आठवड्यात शक्यता किती, ते मोजता येतं. ग्राफपेपरवर त्यांनी हे आमच्या वॉचमन तात्यांना तासभर समजावलं. तात्या मिलिटरीतून रिटायर झालेले. नीट ऐकून म्हणाले, “म्हंजे दुखवट्यावानी की वो! पयल्या दिशी आंगण भरतं, मग रोज मानसं कमी. पर वर्सानं बी एखादा लांबचा पावना उगवतोच!”

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. “तात्या, हेच लिहायला मला बावीस पानं लागली.”

आता हौसाबाईंचं. सदुसष्टला त्यांचं घर बसलं, त्यात मालक गेले. तेव्हापासून बाई पत्र्याच्या शेडात राहायच्या. पोरगा संपत फौजेत. त्यानं रजा काढकाढून नवं घर बांधलं. वर्ष झालं, बाईंनी उंबरा ओलांडला नव्हता. वास्तुशांतसुद्धा अंगणातून बघितली! त्यात संपतला फलटणकडची मुलगी सांगून आली. व्याही म्हणाले, “ज्या घरात आई पाय ठेवत नाही, तिथं माझी लेक कशी धाडू?” सोमवारी ते शेवटचं विचारायला येणार होते. रजा संपत आलेली. लग्न मोडल्यातच जमा होतं.

बाई साहेबांकडे आल्या. “सायब, आता भूकंप हुनार न्हाई असं लिवून द्या. मी आत जाते.”

“तसं लिहिता येत नाही, बाई. मोठा धक्का बसायची शक्यता या आठवड्यात फार कमी आहे.”

“फार कमी म्हंजे हाय न्हवं?”

साहेब म्हणाले, “आहे.”

मला तर रागच आला. तात्या कळवळून म्हणाले, “आवं सायब, पोराचं लगीन मोडंल! एक कागूद खोटा लिवला तर काय बिघडंल?”

“एकदा खोटं लिहिलं, की पुढं खरं कोण ऐकेल तात्या?”

रविवारी रात्रीची जेवणं झाल्यावर बाई पुन्हा आल्या. “लिवून नगा दिऊ. त्या घरात निजून दावा.”

साहेबांनी ग्राफकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि उशी उचलली.

माजघरात आढ्याखाली घोंगडी टाकून ते आडवे झाले. अंगणात मी, तात्या, संपत आणि डोळ्याला डोळा न लावता दाराकडे बघणाऱ्या हौसाबाई. पाच मिनिटांत आतून घोरणं सुरू!

तीनच्या सुमाराला जमीन गुरगुरली. शेडातली भांडी वाजली, कुत्री ओरडली. आम्ही सगळे अंगणाच्या मधोमध. घोरणं चालूच. “सायब!” म्हणून संपत पुढं झाला, तोवर त्याला बाजूला ढकलून हौसाबाई आत घुसल्या होत्या.

“आवं उठा की! उठा सायब! मुडदा पडंल न्हाईतर!”

उशी काखेत धरून साहेब बाहेर आले. घड्याळ बघत मला म्हणाले, “वेळ लिहून घ्या.”

हौसाबाई मात्र बाहेर आल्याच नाहीत. जमीन कधीच थांबली होती. संपतचा चेहरा उतरला. “आये, ए आये! भाईर ये की!”

बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, “आता आलीच हाय तर च्या ठिवते. चूल कुनीकडं घातलीस रं?”