हरळाबाईचं नाव

आहुप्याच्या लंकाबाईला मुलगी झाली, तिचं नाव हरळा ठेवलं. शेतकरी ज्या गवताला शिव्या देतो, खणून बांधावर वाळवतो नि पेटवून देतो, त्या हरळीवरून. शाळेत पोरी चिडवायच्या, "हरळे, तुला खुरपू का?" ती रडत घरी आली की आई पदराने तोंड पुसायची, पण असलं नाव का ठेवलं, ते कधी सांगायची नाही. पाठच्या भावांची नावं मात्र देवांची होती. मुलगी झाली म्हणून आपण आईबापांना तण वाटलो, असं हरळाने मनाशी धरलं.

लग्न पेठच्या दादाभाऊशी झालं. सासूने ताटात तांदूळ पसरले, मुलाच्या हाती अंगठी दिली आणि म्हणाली, "कांद्यात हरळी माजली तर पीक जातं. ती घरात कशाला आनायची? मंगल लिव." नवरीला वाईट वाटलं नाही. उलट हायसं वाटलं.

पुढे सगळं गाव तिला मंगल म्हणू लागलं. आई आली की सवयीने "हरळे" म्हणायची, तर मंगल तिला दटावायची, "आई, हितं त्या नावानं हाका मारू नको." हळूहळू तिचं माहेरी जाणंही कमी झालं.

दोन वर्षांमागे तिची मुलगी मोहिनी पहिल्या बाळंतपणाला आली. मुलगा झाला, पण अपुऱ्या दिवसांचा. आठवडाभरही राहिला नाही. मोहिनीने अन्न सोडलं, बोलणं सोडलं. तिची टक लागायची ती भिंतीलाच. हे कळल्यावर थकलेली लंकाबाई जीपने घाट उतरून आली. नातीजवळ बसली, तिचा हात मांडीवर घेतला.

"माझी तीन गेली, बाई. तुझ्या आयच्या आदी."

मंगल चहा घेऊन दारात उभी होती. "कोन तीन, आई?"

"पयला जानकू. बसाया लागला व्हता. मागल्या दोगींचं तर बारसंबी न्हाई झालं." म्हातारीने मंगलकडे बघितलं. "मंग तू झालीस. तुला उचलाया मी भ्यायची. साळुबाई सुईण म्हनली, हिला हरळा म्हना. हरळी खांदा, वाळवा, जाळा, बोटभर मुळी ऱ्हायली तरी परत उगवती."

"मला कदी सांगितलं न्हाईस."

"गेलेल्यांचं नाव काढलं की ऱ्हायलेलं बी जाईल, आसं वाटायचं. लई भ्या व्हतं, हरळे."

मंगलने कप उंबऱ्यावरच ठेवला. मी आयुष्यभर तुझ्यावर रुसून होते, असं सांगायचं तिच्या ओठांवर आलं. तिने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. तेवढ्यात मोहिनीला हुंदका फुटला, आणि किती दिवस कोंडलेलं रडू बाहेर पडलं.

संध्याकाळी जेवायला वाढताना मंगल नवऱ्याला म्हणाली, "आजपास्नं मला हरळा म्हना."

दादाभाऊ "अगं"वरच संसार केलेला माणूस. घास हातात धरून तो म्हणाला, "लोक इचारतील."

"इचारू द्या. मी सांगंन."

लोकांनी विचारलं, काही हसलेही. तिने प्रत्येकाला सांगितलं. ज्या बायकांची मुलं गेली होती, त्या ऐकून लगेच उठायच्या नाहीत. एखादी खाली बघत आपल्या बाळाचं नाव सांगायची. हरळाबाई ते नाव एकदा स्वतः उच्चारायची.

मागच्या वर्षी लंकाबाई गेली. यंदा मोहिनीला मुलगी झाली. बारशाला बायका जमल्या, आत्याने बाळाच्या कानात सांगितलं, समृद्धी. घुगऱ्या वाटायला घेणार तोच मोहिनी म्हणाली, "थांबा. हिच्या भावाचं नाव ठिवायचं ऱ्हायलंय."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणी तरी पुटपुटलं, शुभकार्यात हे कशाला.

"बोल, बाई," हरळाबाई म्हणाली.

"आदेश," मोहिनी म्हणाली.

हरळाबाईने नातवाचं नाव हळूच उच्चारलं आणि पाळण्याची दोरी ओढली.