चाळीस चिंध्या आणि आईच्या गवऱ्या

शेणात हात घालायला आधी एम.एस्सी. व्हावं लागतं, हे आमच्या अप्पांना काही केल्या पटत नव्हतं. "शेणातच हात घालायचा होता तर नांदेडला कशाला धाडलं? गोठा हितंच होता की," असं ते मुदखेडच्या बाजारात भेटेल त्याला सांगायचे. आणि लोकही असे, की पोट धरून हसायचे!

तर भानगड अशी होती. मला परिसरशास्त्रात संशोधन करायचं होतं आणि त्यासाठी फेलोशिप पाहिजे होती. मिळाली तर पुढं शिकायचं, नाहीतर लातूरला बी.एड. मामानं तिथल्या प्रवेशाचा फॉर्म आणून फडताळात ठेवलाच होता. अप्पांनी बजावलं, "एक डाव भर. न्हाई झालं तर गुमान बी.एड." बी.एड.वाल्यांशी माझं काही वाकडं नाही, पण मला शेणकिडे बघायचे होते. शेणाच्या गोळ्या करून मातीत पुरणारा आणि त्यात पिल्लांची सोय करणारा तो काळा ठेंगू मला लहानपणापासून आवडतो. आता आवडतो, त्याला काय करता?

"नुसत्या आवडीवर कुणी फेलोशिप देत नाही," नांदेडचे माझे सर म्हणाले. "अर्जाला पंधरा दिवसांची निरीक्षणं जोड."

मग दसऱ्यानंतरच्या उघडिपीत मी आमच्या पडीक तुकड्यात शेणाचे चाळीस पो मांडले. आईचा जुना डबा माप म्हणून घेतला, म्हणजे सगळे सारखे. वीस बाभळीच्या सावलीत, वीस उन्हात. प्रत्येकाशेजारी काडी, काडीला लाल चिंधी. रोज सकाळी वही घेऊन उकिडवं बसायचं आणि किती किडे आले ते मोजायचं. शेळ्या राखणारी एक म्हातारी रोज थांबून विचारायची, "लेकी, कुणाची दृष्ट काढून राहिलीस गं?"

सातव्या दिवशी शिफारसपत्रावर सही घ्यायला नांदेडला गेले, तर सर लातूरला. प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक म्हणून गेलेले. मीही हट्टाची, धरली एस.टी. आणि गाठलं लातूर. सही-शिक्का घेऊन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले ती थेट रानात गेले.

चाळीस काड्या होत्या. चाळीस चिंध्या होत्या. शेण एकाही काडीजवळ नव्हतं.

घरी चुलीमागं वाळक्या गवऱ्यांची नीट रचलेली रास, आणि आई भलतीच खुशीत. "तू वही घेऊन गेलीस, म्हटलं मोजून झालं असंल. वाळल्या होत्या, आणल्या वेचून. लई बरं वाटलं बघ, येवढी शिकली तरी पोरीनं घरच्या कामाला हात लावला."

"आई! माझी पीएच.डी. चुलीत घातलीस तू!"

"अजून न्हाई घातली. रास तिथंच हाय," ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

मी रडले, पाय आपटले, अन्नावर रुसले. अर्जाला आठच दिवस उरले होते, पुन्हा पंधरा दिवसांचा डाव मांडायला वेळ नव्हता. मनात आलं, उरलेल्या दिवसांचे आकडे अंदाजानं भरून टाकावेत, कोण बघायला येतंय मुदखेडला? सरांना फोन केला. ते आधी बराच वेळ हसले. मग म्हणाले, "घरी बसून आकडे लिहिणार असशील तर माझी सही परत आणून दे." खाड्कन तोंडात बसल्यासारखं झालं.

शेवटी वही उघडली आणि फुरंगटूनच विचारलं, "किती उचलल्यास?"

"सव्वीस."

"चाळीस होत्या!"

"चौदा फेकल्या की. पोकळ होत्या. वरून पापुद्रा, आत नुसती माती. तुझ्या किड्यांनी खालून नेलेलं सगळं."

मी सहा दिवस वरून किडे मोजत बसले होते. एकही पो उचलून बघितला नव्हता.

"कुठल्या चौदा, आई?"

"बाभळीखालच्याच. उन्हातल्या हाताला जड लागतात, सावलीतल्या हलक्या. यात काय सांगायचं? कोणत्याबी बाईला विचार." तिनं ताटात भाकरी टाकली. मी रुसलेय हे विसरून खाल्ली.

अर्जात जसं घडलं तसं लिहिलं: आठव्या दिवशी सर्व नमुने आईने वेचले; सावलीतील वीसपैकी चौदा पोकळ, उन्हातील एकही नाही.

मुलाखत मोबाइलवर झाली, रेंजसाठी आमच्या गच्चीवर बसून. पडद्यावर तिघं. त्यातल्या एका बाईंनी चष्मा सारखा केला. "आठव्या दिवसाचं निरीक्षण कुणी केलं?"

"आईनं."

"पद्धत?"

"उचलून बघते. हलकं लागलं की टाकते."

एकजण हसला. बाई हसल्या नाहीत. "त्यांचा अनुभव किती वर्षांचा?"

काहीतरी चटकदार बोलावं असं ठरवलं होतं, पण तोंडून साधंच निघालं. "लग्न होऊन या घरी आली तेव्हापासून रोज," मी म्हटलं. "मी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं."

फेलोशिप मिळाली. बी.एड.चा फॉर्म आईनं फडताळात डब्यांखाली अंथरला. अप्पा आता बाजारात सांगतात, "शेणात हात घालायलाबी मुलाखत असती. आमची पोरगी पास झाली." लोक तसेच हसतात.

संशोधनासाठी परराज्यातल्या संस्थेत जायच्या आधी मी पुन्हा चाळीस पो मांडले आणि आईला हात जोडले, "आता वेचू नकोस गं बाई."

ती कंबरेवर हात ठेवून चिंध्यांकडं बघत राहिली. "म्हंजे आता तू जाणार." मग पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "न्हाई वेचत. उचलून बघितलं अन् परत ठेवलं तर चालतंय का?"

वही मी तिच्याजवळ ठेवून आले. आता रोज सकाळी तिचा फोन येतो. जेवलीस का, हे नंतर. आधी म्हणते, "घे लिहून. सावलीतल्या तीन हलक्या झाल्या."