सात शब्दांचे सर

कुणी काही विसरलं की आमच्या सरांचा चेहरा असा खुलायचा म्हणून सांगू! वर्गात उत्तर अडलं की म्हणायचे, "विसरलास? छान! आता कसं विसरलास ते सांग." आम्ही त्यांना विसरसर म्हणायचो. त्यांना माहीत होतं!

कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे आणि वर्षातून एकदा तीच तीच माणसं गाठायचे, पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत. आदल्या साली सांगितलेले सात शब्द विचारायचे, किती उरले ते लिहायचे. मग तेच शब्द पुन्हा सांगून एकच अट घालायचे, "वर्षभर हे आठवायचे नाहीत हं."

बारा वर्षांत सगळे विसरले, एक कोडोलीच्या आक्का सोडून. पंच्याहत्तरीच्या बाई, दरवर्षी सातला सात! म्हातारपण म्हणजे विसरणं नव्हे, हा सरांचा सगळा सिद्धांत आक्कांवर उभा होता.

शेवटच्या फेरीला मी बरोबर होतो. आक्का ओठ हलवत शब्द सांगत होत्या, तेवढ्यात सून फिसकन हसली. "आत्याबाई, गानंच म्हणून दावा की मास्तरास्नी!"

आक्कांनी खुशाल सूर लावला.

*दोरीला बांधला हत्ती, इहिरीत पडला चमचा,*
*पत्र लिवलं ढगाला, पंखा तुटला आमचा!*

सरांचं पेन थांबलं. "हे कधीपासून?"

"पयल्या सालापास्नं. भाकरी थापताना रोज म्हणतो की. तुमी एस्टीनं एवढं लांबनं येणार, आन् मी न्हाय येत म्हनू व्हय?"

"अहो, पण आठवायचं नाही म्हटलं होतं ना?"

"आठवत कुठं हुतो? गात हुतो!"

सर पोट धरून हसले. परतताना एस्टीत त्यांनी वही उघडली. मी म्हटलं, "सर, कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय की," म्हणाले, आणि वहीतल्या आक्कांच्या बारा वर्षांवर तांबड्या पेन्सिलीनं रेघ मारली. सिद्धांत गेला. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर मग गाणं उतरवून घेतलं.

गेल्या महिन्यात सर रिटायर होऊन मुलाकडे राहायला गेले. स्टँडवर सोडायला गेलो तेव्हा मला राहवेना. "सर, ते सात शब्द कोणते हो?"

"दोरी, हत्ती, विहीर, चमचा..." अडले.

"विसरलात? छान!" मी म्हटलं.

सर हसले. गाडी सुरू झाली. खिडकीत बघतो तर सरांचे ओठ हलत होते, आणि हात भाकरी थापत होते.